पाठवणीच्या ढोलासाठी आलापल्लीपलीकडे

चंद्रपूरला या, असं मी कुणाला सांगत नाही. येणारे वाघाचे फोटो काढतात आणि आमच्या हवेतून नाक दाबून परत जातात. वाघ दिसला नाही तर तक्रार करतात. हवा डोळ्यांना दिसते, तिची तक्रार करत नाहीत. मी कऱ्हाडकडची. तीन वर्षांपूर्वी धुळीविरुद्धच्या मोहिमेची पत्रकं लिहायला इथे आले आणि इथलीच झाले. मला प्रवासवर्णन येत नाही, पत्रक येतं. गेल्या मेमध्ये घुग्घुसहून आलापल्लीपलीकडच्या एका गावी गेले होते, त्याचं हे लिहिते आहे. यात ‘निषेध’ हा शब्द एकदाच येईल. तो येऊन गेला.

घुग्घुस

मी एका बँडबरोबर गेले होते. बँडचं नाव ‘सायडिंग’. कोळशाचे वॅगन भरायला जिथे उभे राहतात ती सायडिंग. माणसं दोनच. अश्विनी गाते, शब्द लिहिते, कीबोर्ड वाजवते. तिचे वडील सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातात. रोशन लॅपटॉप आणि ऑक्टोपॅड सांभाळतो. त्याचे वडील झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. धानकापणी उरकली की गावोगाव नाटकं सुरू होतात, तेव्हा रोशन त्यांच्या शेजारी बसून पॅडवर घोडे, विजा आणि गोळीबार वाजवायचा. “माह्या हातानं लय लोकं मेले,” असं तो ओळख करून देताना सांगतो.

अश्विनीच्या घरामागच्या खोलीत त्यांची तालीम चालते. खिडकीला ओलं पोतं. कीबोर्डवर आईची जुनी साडी, आणि शेजारी रंगकामाचा ब्रश, धूळ झाडायला. नाही झाडली तर दुपारपर्यंत काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या एकाच रंगाच्या होतात. त्यांचं पहिलं गाणं मागे येणाऱ्या ट्रकच्या पीं-पीं आवाजावर बांधलेलं होतं. गावात कुणाला ते गाणं वाटलंच नाही. लोक बाजूला सरकले.

मग पुढची वाटचाल अशी. गणपतीच्या मंडळाने “काहीतरी नाचाचं लावा” म्हणून त्यांना खाली उतरवलं. भद्रावतीच्या कॉलनीत एका लग्नात नवरदेवाच्या मामाने वायर उपटली. नागपूरच्या कॅफेत लोक गाण्यापेक्षा मोठ्याने बोलत होते. दोघं तरीही करत राहिले, आणि मग ‘इथीच थांब’ आलं. पाळीवर निघालेल्या पोराला पोरगी म्हणते, इथीच थांब, जाऊ नको, इथीच थांब. एवढंच. पण त्या शब्दांखाली एक ढोल आहे, आठ थापांचा, पुन्हा पुन्हा येणारा. तो ऐकला की चालणारा माणूस थांबतो. मी थांबले होते, चौकात, पत्रकं वाटताना.

त्या गाण्यावर त्यांना पुण्याच्या एका महोत्सवात बोलावलं. निवेदक म्हणाला, “आता ऐकू या रानातली कच्ची ऊर्जा.” ऊर्जा म्हणे! आमचा कोळसा जाळून वीज नेता, ती कमी पडली का?

त्यानंतर मुंबईच्या एका संगीत कंपनीने त्यांचा अल्बम काढायचं कबूल केलं. पहिलं गाणं हेच हवं. फक्त ढोल कुणाचा आहे ते विचारलं आणि त्या माणसाच्या सहीचा कागद मागितला. ढोल आलापल्लीपलीकडच्या त्या गावातल्या मंगरूभाऊंचा होता. दोन वर्षांपूर्वी रोशन नाटकमंडळीबरोबर तिकडे गेला असताना त्याने तो त्यांच्या अंगणात फोनवर टिपला होता.

सहीचा कागद मी लिहिला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी एक पत्रकही छापून घेतलं, ‘जंगलाचा ढोल बोलतो आहे’. त्यात मंगरूभाऊंची तीन वाक्यं अवतरणचिन्हांत होती. तिन्ही मीच लिहिली होती. मंगरूभाऊंना मी पाहिलंही नव्हतं.

रस्ता

रोशनच्या जुन्या ओम्नीत मागच्या सीटवर स्पीकर, पॅड, पत्रकांचा गठ्ठा आणि मी. गोंडपिपरीला पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, इथे चण्याचा तिखट रस्सा ओततात. तीन वर्षं झाली तरी पहिल्या घासाला मी खोकतेच.

“पत्रकवाल्या ताईले दही दे गा एक,” रोशन दुकानदाराला म्हणाला. “जगाशी भांडते, पोह्याशी नाई जमत.”

आष्टीचा पूल ओलांडला आणि समोरून खनिजाचे ट्रक यायला लागले, एकामागे एक, लाल धुळीत दिवे लावून, भर दुपारी. दोन्हीकडच्या झाडांची पानं विटकरी. मी ट्रक मोजत होते, ते अश्विनीला आरशात दिसलं.

“ताई, आज सुट्टी घे ना.”

आलापल्ली जवळ आली तसा साग सुरू झाला. इतका उंच, इतका सरळ की माझ्यासारखीलाही गप्प बसावं वाटतं. मेमध्ये सागाला पान नसतं, तरी खाली वेगळाच थंडावा होता. रोशनने गाडी थांबवली आणि लगेच फोन काढून वाळलेल्या पानांवरून चालण्याचा आवाज टिपायला लागला. त्याचं हे असंच आहे. कुठलाही आवाज आला की अंगठा आधी फोनवर.

“किती टिपतो बे?” अश्विनी म्हणाली.

“कामाचं ठेवतो, बाकी कापतो.”

गावात

गावाचं नाव लिहू नको असं तिथल्या लोकांनी सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. कच्च्या रस्त्याने ओम्नी दोनदा ढकलून आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणाअंगणात विडीचा तेंदूपत्ता होता. पहाटे तोडून आणलेली पानं सावलीत बसून जुडी बांधायची. हंगाम थोडे दिवस असतो, तेवढ्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. हे ज्याला ठाऊक आहे तो या दिवसांत पाहुणा म्हणून जात नाही. आम्ही गेलो.

मंगरूभाऊंची मुलगी राजो माझ्याच वयाची निघाली. तिने जोहार केला, लाकडी पाट दिला, आंबिलीने भरलेली वाटी दिली. आंबील थोडी आंबट, थंडगार. दोन वाट्यांत प्रवास उतरला. मंगरूभाऊ ओसरीत पानं जुळवत होते. बारीक, ताठ माणूस. ते गोंडीच जास्त बोलायचे, राजो मराठीत सांगायची. त्यांनी रोशनकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पानांकडे.

“भाऊ, ओळखलं का? मी रोशन. नाटकवाला.”

“ओळखलं,” ते म्हणाले. बस.

आम्हीही जुड्या बांधायला बसलो. माझी पहिली जुडी राजोने उचलली तशी सुटली. दुसरीची पानं खालीवर होती. “देठं एकीकडे कर बाई,” ती म्हणाली. “शाळेत नाई शिकवत काय?” आमच्याकडे उसाची मोळी बांधतात, ती मला येते असं मी सांगून पाहिलं. कुणावर छाप पडली नाही.

ढोल कुठे दिसत नव्हता. ओसरीच्या आड्याला एक रिकामी दोरी लोंबत होती. अश्विनीनेच विचारलं, “भाऊ, ढोल कुठी गेला?”

राजोने हातातली जुडी पूर्ण बांधली, मगच बोलली.

“नेला. गायताच्या घरी हाये.” गायता म्हणजे गावाच्या देवाचं करणारा म्हातारा माणूस. “तुमचं गाणं आलं ना फोनमंदी, तवापासून बाबाले हात लावू देत नाई.”

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते, कारण तिला ते दोनदा सांगावं लागलं. आम्हाला पहिल्यांदा कळलं नाही.

ती आठ थापांची ओळ देवाला बोलावण्याची आहे. देवाला ते पेन म्हणतात. ती ओळ कधीही वाजवता येते, पोरांना शिकवायला, पाहुण्याला ऐकवायलाही. पण एक अट आहे. जो बोलावतो त्याने पाठवणीची थाप वाजवून ती बंद करायची. बोलावलं आणि पाठवलं नाही तर पेन दारात उभाच राहतो. ना घरात, ना आपल्या जागी. ढोल बंद न करता उठणारा माणूस म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावून घेणारा माणूस.

त्याआधीच्या दिवाळीत आश्रमशाळेतून पोरं सुट्टीला आली, त्यांच्या फोनवर ‘इथीच थांब’ होतं. गावाने ऐकलं. ढोल मंगरूभाऊंचा, हे दुसऱ्या थापेलाच ओळखलं. गाणं संपलं, पाठवणी नाही. परत लावलं, परत नाही.

“आणि वरून तुमी म्हणता, इथीच थांब, जाऊ नको,” राजो अश्विनीला म्हणाली. “थो थांबला ना मंग.”

मंगरूभाऊ गावाला सांगत राहिले की मी बंद केला होता. कुणी मानलं नाही. गाण्यात ते नव्हतं आणि गाणं सगळ्यांच्या खिशात होतं. पंधरा-वीस दिवसांवर बियाण्याचा सण होता, पंडुम. त्याचा ढोल आयुष्यभर त्यांनी वाजवलेला. यंदा ते बाजूला बसणार होते.

मी रोशनकडे पाहिलं. त्याच्या हातातली पानं खाली पडली होती.

“बंद केला होता,” तो म्हणाला. “भाऊनं केला होता. शेवट मीच कापला.”

“काऊन?” राजो.

“ठेक्यात बसत नवता.”

हे तिने वडिलांना गोंडीत सांगितलं. मंगरूभाऊंनी पहिल्यांदा पूर्ण मान वर केली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी राजोला काहीतरी विचारलं.

“बाबा विचारते, कापलेलं कुठी हाये?”

रोशनने ते पुसून टाकलं होतं. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून.

दुसरा दिवस

दुपारी, पानांचं काम हलकं झाल्यावर, गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराच्या, सावलीत गाव बसलं. आमच्याकडे सभेला व्यासपीठ लागतं, हार लागतात, अध्यक्ष उशिरा येतो. इथे गायता सगळ्यांच्या आधी येऊन जमिनीवर बसला होता, आणि बोलणारा बोलून होईपर्यंत मधे कुणी तोंड उघडत नव्हतं. मला ते फार जड गेलं.

मी गप्प बसले नाही, हे कबूल करायला हवं. लोक जमताहेत म्हटल्यावर सवयीने पत्रकं वाटली. मनात होतं की हे वाचून गावाला कळेल आम्ही कुणाच्या बाजूचे आहोत. राजो चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवत मोठ्याने वाचलं. मंगरूभाऊ म्हणतात: “माझ्या ढोलात जंगलाचा हुंकार आहे.” ती थांबली. वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हे कोण बोललं?”

मी हातातली उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

“बाबा असं नाई बोलत,” ती म्हणाली, “हुंकार म्हणजे काय थे मलेच नाई माईत.” बायका हसल्या. म्हातारेही हसले. मी तीन वर्षं लोकांच्या वतीने बोलते आहे. रोशनने भाऊंचं बोलणं कापलं होतं. मी तर कापायलाही काही ठेवलं नव्हतं, सगळं घरूनच करून आणलं होतं.

मग रोशन उभा राहिला.  “भाऊनं पुरा वाजवला होता. पाठवणी केली होती. मले समजली नाई. मले वाटलं, शेवटी हात चुकला त्याइचा. म्हणून कापली. भाऊची काई चूक नाई.”

हात चुकला असं वाटलं, हे राजोने गोंडीत सांगितलं तेव्हा मंगरूभाऊ स्वतःच हसले. तिथून वातावरण सैल झालं.  मग गायताने ठरवलं ते असं: ढोल मंगरूला परत. पण उघडं राहिलेलं बंद करायला हवं. उद्या शिवेवरच्या मोहाखाली गाणं लावा, आणि मंगरू ते बंद करेल.

अश्विनीने हात वर केला, शाळेतल्यासारखा. “मंग पुढं आमी ते लावू शकतो ना? एकदा बंद झाल्यावर?”

गायताने मराठीतच उत्तर दिलं. “लावा ना. जितक्यांदा लावान, तितक्यांदा इथी येऊन बंद करा.”

हे त्याने चिडून सांगितलं नव्हतं. पत्ता सांगावा तसं सांगितलं होतं. सहीचा कागद माझ्या पिशवीतच राहिला.

तिसरा दिवस, मोहाखाली

सकाळपासून ऊन पेटलं होतं. मोहाखाली स्पीकर मांडला, रोशनने मांडीवर लॅपटॉप घेतला. समोर मंगरूभाऊ, गळ्यात ढोल. सहा महिन्यांनी हातात आलेला. त्यांनी कातड्यावरून तळवा फिरवला, नवजात वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

अश्विनीचे शब्द काढून टाकायचं ठरलं होतं, फक्त ढोल. आठ थापा सुरू झाल्या, पुन्हा, पुन्हा. यंत्र दमत नाही. मंगरूभाऊ त्यात मिसळले, आणि मग हळूहळू त्याला मागे ओढायला लागले. तीन थापा लांबवून, आणि शेवटी तळवा कातड्यावर दाबून ठेवायचा, आवाज न करता. ती पाठवणी. तळवा टेकला की यंत्र थांबलं पाहिजे. आधी नाही, नंतर नाही.

पहिल्यांदा रोशनने आधीच थांबवलं. बायकांनी च् च् केलं. दुसऱ्यांदा तळवा टेकल्यावर यंत्राने आणखी एक थाप मारली, आणि सगळ्या सावलीतून एक शहारा गेला. एका म्हातारीने पदर डोक्यावर ओढला.

रोशन घामाने निथळत होता. “मी चार-चार मोजून राह्यलो, पण भाऊ मोजतच नाई.”

“लॅपटॉपकडे काय पाहून राह्यला?” राजो म्हणाली. “बाबाच्या खांद्याकडे पाहा ना.”

तिसऱ्यांदा त्याने स्क्रीन खाली वाकवली. खांद्याकडे पाहत राहिला. मंगरूभाऊ त्याला किती वेळ ताटकळत ठेवत होते देव जाणे. मला वाटतं मुद्दाम. पहिली लांब थाप. दुसरी. तिसरी. खांदा उतरला, तळवा टेकला, रोशनचं बोट टेकलं.

मोहाची पानं वाजत होती. ती आधीही वाजत असणार.

गायता उठला, पाठोपाठ सगळे उठले, कारण तेंदूची पानं वाळून चालली होती. टाळ्या नाहीत, आभार नाहीत. मंगरूभाऊ ढोल खांद्याला लावून घराकडे चालू लागले. दहा पावलं गेल्यावर वळले आणि रोशनला काहीतरी म्हणाले.

“बाबा म्हणते,” राजोने सांगितलं, “आता हात नाई चुकला ना?”

निघताना मी पत्रकांचा गठ्ठा गाडीत टाकत होते. राजोने तो उचलून घेतला. “मागची बाजू कोरी हाये. पोट्ट्याइले चित्र काढाले होईन.”

परत

आलापल्ली मागे पडली. मग रोशन म्हणाला, “पॅडवर तसाच ढोल बनवू शकतो मी. भाऊचा नाई, माहा.”

“आन् लोकं इचारतीन तर?”

“तसाच हाये म्हणू.”

“मंग गेलो कायले होतो आपण?” अश्विनी ओरडली. खिडकीकडे तोंड फिरवून ती बराच वेळ रडली. “शब्द माहे होते, चाल माही होती. पाच वर्षं ट्रकच्या आवाजावर गाणे केले, तवा कुठी एक गाणं लोकाइनं ऐकलं.”

मी बोलायला तोंड उघडलं. लोकांच्या संस्कृतीचा आदर, दीर्घकालीन विचार, असं काहीतरी तयार होतं.

“ताई,” ती म्हणाली, “पत्रक नको वाचू.”

आष्टीच्या पुलाजवळ नेटवर्क आलं. तिने रोशनला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. ट्रक जात होते, ओम्नी हलत होती. तिने फोन काढला आणि जिथे जिथे त्यांनी ते गाणं टाकलं होतं तिथून एकेक करून काढलं. लोकांच्या फोनवरचं, दुसऱ्यांनी उचललेलं, ते राहणारच. त्याचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. मुंबईच्या कंपनीने आठवड्याने कळवलं की बाकीची गाणीही छान आहेत, पुढच्या वर्षी बघू.

‘सायडिंग’ संपलेला नाही. खोलीत नवं गाणं चाललं आहे, त्यात ओल्या पोत्यावर पाणी शिंपडण्याचा आवाज आहे. आता रोशन कुठलाही आवाज टिपण्याआधी विचारतो, हा संपतो कसा? परवा त्याने एका वेल्डरला विचारलं. वेल्डरने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण दाखवलं.

जूनमध्ये एका दुपारी तालमीत राजोचा फोन आला. गावात रेंज नसते. ती टेकाडावर चढून आली होती.

“पंडुम चालू हाये,” ती धापा टाकत म्हणाली. “बाबा वाजवून राह्यले. आइकाचं असन तर आइका. पन पुरं आइकाचं, मंदात फोन ठेवाचा नाई.”

रोशनने फोन स्पीकरवर टाकला. लांबून, वाऱ्यातून, ढोल येत होता. मधेच तुटायचा, मधेच राजोचा श्वास. रोशनचा अंगठा सवयीने स्क्रीनवर गेला.  मग त्याने फोन कीबोर्डवरच्या साडीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला.

बाहेर पाळी सुटली. मोटरसायकली गेल्या, ट्रक गेला, अश्विनीची आई चहा घेऊन येऊन उभी राहिली आणि कप हातातच धरून राहिली. किती वेळ झाला ते आम्ही पाहिलं नाही. मग एक लांब थाप आली. दुसरी. तिसरी.

आणि मग काहीच आलं नाही, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“झालं,” राजो म्हणाली, आणि फोन ठेवला.